ड्युररचा गेंडा: 1515 ची तीन चित्रं, त्यातली दोन जेमतेम उरलेली

1515 साली गोव्याहून एक गेंडा जहाजातून लिस्बनला गेला आणि त्याच वर्षी युरोपात लाकडी ठशावरून त्याची तीन वेगवेगळी चित्रं छापली गेली. एक रोमला, एक आउग्सबुर्गला, एक न्यूरेंबर्गला. न्यूरेंबर्गचं म्हणजे जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररचं, ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, चिलखत घातल्यासारखा दिसणारा तो गेंडा. बाकीच्या दोन चित्रांची आज जगात प्रत्येकी एकच प्रत माहीत आहे. आणि गंमत बघा, जनावराच्या अंगाची माहिती म्हणून पाहिलं तर उरलेल्या दोनांपैकी एक चित्र ड्युररपेक्षा बरंच खरं आहे. मग खरं चित्र एका कपाटात का राहिलं आणि चुकीचं चित्र पुढची सव्वादोनशे वर्षं प्राण्यांच्या पुस्तकांत का फिरत राहिलं, हे या प्रकरणात मला नीट मांडायचंय, कारण जुन्या सचित्र पुस्तकांच्या संग्रहाकडे कसं बघावं हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आधी गेंड्याचा प्रवास. अफोन्सो द अल्बुकर्क तेव्हा पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर होता आणि त्याला दीवला किल्ला बांधायचा होता. त्यासाठी 1514 मध्ये त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला पण भेटींची देवाणघेवाण झाली, आणि त्या भेटींमध्ये एक जिवंत गेंडा होता. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याला पाठवायचं ठरवलं. जानेवारी 1515 मध्ये तो गोव्याहून निघाला, सोबत ओसेम नावाचा त्याला सांभाळणारा माणूस होता, आणि मोझांबिक, सेंट हेलेना, असोर्स बेटं असं करत साधारण चार महिन्यांनी, 20 मे 1515 ला, लिस्बनला पोचला. चार महिने जहाजाच्या पोटात एवढं मोठं जनावर जिवंत ठेवायचं, त्याचा चारा, पाणी, घाण, सगळं बघायचं, त्या ओसेमबद्दल कागदोपत्री नावापलीकडे फारसं काही उरलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी बघितलाच नव्हता. पुस्तकातून मात्र तो माहीत होता. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं होतं की गेंडा हा हत्तीचा जन्मजात शत्रू. मग मानुएलने 3 जूनला, ट्रिनिटी संडे या ख्रिस्ती सणाच्या दिवशी, ते तपासायचं ठरवलं आणि गेंडा नि एक तरुण हत्ती समोरासमोर आणले. हत्ती पळाला. प्लिनीचं म्हणणं सिद्ध झालं असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि हे वाक्य पुढे ड्युररच्या चित्रावरच्या मजकुरातही आलं.

इथे आपल्या बाजूची एक नोंद जोडाविशी वाटते. बाबराने आपल्या आठवणींमध्ये लिहिलंय की हत्ती आणि गेंडा समोरासमोर आले तर काय होईल याचं आम्हाला कुतूहल होतं, आणि पेशावरजवळ शिकारीत एकदा गेंडा थेट हत्तींच्या समोर आला, तर तो न थांबता दुसरीकडे पळून गेला. दहा वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी तोच प्रयोग, आणि निकाल अगदी उलटे. फरक एवढाच की लिस्बनचा निकाल छापला गेला आणि बाबराची नोंद हस्तलिखितात राहिली. अकबराच्या काळात त्या आठवणींच्या सचित्र पोथ्या तयार झाल्या, त्यात गेंड्याची चित्रंही आहेत, ज्या प्रदेशात गेंडा माहीत होता तिथल्या चित्रकारांनी काढलेली, पण प्रत्येक पोथी हाताने केलेली, मोजक्या लोकांसाठी. आणि ज्या गोव्यातून गेंडा गेला तिथे छापखाना आला 1556 साली, म्हणजे तो जाऊन 41 वर्षं झाल्यावर. त्यामुळे या प्राण्याचं छापील रूप ठरलं ते सगळं आल्प्सच्या अलीकडे पलीकडे.

आता ड्युरर. त्याने तो गेंडा कधीच पाहिला नाही. लिस्बनमध्ये वालेंतिम फर्नांदिश नावाचा मूळचा मोरावियाचा एक मुद्रक राहत होता, त्याने न्यूरेंबर्गच्या ओळखीच्या लोकांना पत्र लिहून गेंड्याचं वर्णन कळवलं. मूळ जर्मन पत्र हरवलं, त्याची इटालियन नक्कल फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कोणीतरी लिस्बनला काढलेलं एक स्केचही न्यूरेंबर्गला पोचलं असावं, ते आज नाही. यावरून ड्युररने आधी शाईने एक रेखाटन केलं, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग त्यावरून लाकडी ठसा झाला. वर जर्मनमध्ये मजकूर, की हा प्राणी पोर्तुगालच्या राजाकडे भारतातून जिवंत आणला, रंग ठिपकेवाल्या कासवासारखा, आकाराने हत्तीएवढा पण पाय आखूड, वगैरे. तारीख दिलीय 1 मे 1513, ती सरळसरळ चुकीची आहे.

चित्रातल्या चुका बघायला गेलं तर बऱ्याच आहेत. मानेच्या मागे खांद्यावर एक छोटं पिळदार शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. पायांवर खवले. मागच्या बाजूला करवतीसारखी दातेरी कड. गळ्याखाली चिलखताचा वेगळा पत्रा असावा तसा भाग. पण हेही लक्षात घ्या की भारतीय एकशिंगी गेंड्याच्या कातडीला खरोखरच जाड घड्या असतात आणि त्यावर गाठी गाठी असतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर काम करणाऱ्या माणसाला त्या घड्या म्हणजे पत्रेच वाटले तर नवल नाही. न्यूरेंबर्ग हे चिलखतं बनवणाऱ्यांचं शहर होतं आणि ड्युरर स्वतः त्या सुमारास चिलखतांची डिझाइन्स करत होता, त्याचा परिणाम झाला असं काही अभ्यासकांना वाटतं. कोणी असंही सुचवलंय की चार महिने जहाजात कोंडून ठेवल्यामुळे त्या गेंड्याच्या कातडीला खरंच काही रोग झाला असेल. मला पहिलं कारण जास्त पटतं, कारण खवले आणि पत्रे ज्या सफाईने एकमेकांत बसवलेत तो हात डिझाइन करणाऱ्याचा आहे.

आउग्सबुर्गचं चित्र हान्स बुर्क्मायरचं. तोही जर्मन, त्याच वर्षी, त्यानेही गेंडा पाहिलेला नाही, पण त्याचा लिस्बनच्या व्यापाऱ्यांशी संपर्क होता. त्याच्या चित्रात खांद्यावरचं ते खोटं शिंग नाही. कातडीच्या घड्या घड्यांसारख्या दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचे पाय बांधलेले आहेत. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की हा कुठल्या जंगलातला काल्पनिक पशू नाही, बांधून ठेवलेलं, माणसांच्या ताब्यातलं एक ठराविक जनावर आहे. ड्युररचा गेंडा बांधलेला नाही, तो चौकटीत ठासून भरलाय, शिंगाचं टोक एका कडेला आणि पार्श्वभाग दुसऱ्या कडेला टेकतो, मोकळा आणि प्रचंड. चित्र म्हणून ड्युररचं जबरदस्त आहे यात वादच नाही. बुर्क्मायरच्या ठशाची एकच प्रत आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे.

आता तिसरं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा. फ्लोरेन्सचा एक डॉक्टर, जोव्हान्नी जाकोमो पेन्नी, तेव्हा रोमला होता. त्याने गेंड्यावर इटालियन पद्यात एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती 13 जुलै 1515 ला रोममध्ये छापून बाहेर पडली. म्हणजे गेंडा लिस्बनला उतरल्यापासून आठ आठवड्यांच्या आत बातमी रोमला पोचली, कविता झाली, ठसा कोरला गेला आणि पुस्तिका विकायलाही आली! मुखपृष्ठावर गेंड्याचं चित्र आहे, ओबडधोबड, घाईत कोरलेलं. अशा पुस्तिका बाजारात चौकात विकल्या जायच्या, लोक वाचायचे, हातोहात फिरायच्या, फाटायच्या, संपायच्या. ती कोणी जपून ठेवावी अशी वस्तूच नव्हती. तरी एक प्रत उरली, कारण ती एर्नांदो कोलोनने विकत घेतली.

एर्नांदो म्हणजे ख्रिस्तोफर कोलंबसचा मुलगा, 1488 ते 1539. त्या वर्षांत तो रोमला होता. त्याला जगातली सगळी छापील पुस्तकं एका ठिकाणी जमवायची होती आणि यात त्याने जे वेगळं केलं ते फार थोर आहे. त्या काळचे बाकी मोठे संग्राहक सुंदर हस्तलिखितं, लॅटिन ग्रीक अभिजात ग्रंथ, चामडी बांधणी याच्या मागे होते. एर्नांदो गाण्यांची पानं, बातम्यांची पत्रकं, चार पानी कविता, स्वस्तातली चित्रं असं सगळं घ्यायचा. त्याच्या ग्रंथालयासाठी खरेदीच्या ज्या सूचना होत्या त्यात पातळ पुस्तिका आधी घ्या असं होतं, जाडजूड ग्रंथ काय कुठेही मिळतील, पुस्तिका गेल्या की गेल्या. आणि पुस्तकात शेवटी तो स्वतःच्या हाताने लिहायचा, कुठे घेतलं, कधी घेतलं, किती पैसे दिले, त्या पैशाचा तिथल्या चलनातला हिशोब काय. आज पाचशे वर्षांनी सोळाव्या शतकातलं साधं पुस्तक काय भावाला मिळायचं हे सांगणारे पुरावे शोधायला गेलं की या नोंदी सोन्याच्या ठरतात.

त्याचा संग्रह पंधरा हजारांच्या वर गेला होता. तो वारल्यावर पुतण्याकडे गेला, मग मठात, मग 1552 मध्ये सेव्हिलच्या कॅथेड्रलकडे, आणि तिथे दुर्लक्ष, ओल, चोऱ्या, हे सगळं होत होत आज साधारण चार हजार पुस्तकं उरलीयेत. म्हणजे चारातली तीन गेली. छापील चित्रांचा त्याचा वेगळा संग्रह होता, सुमारे 3200 चित्रं, ती तर सगळीच पांगली, पण त्यांची यादी मात्र सेव्हिलला आहे आणि ती यादी वाचण्यासारखी आहे, कारण चित्रकाराच्या नावापेक्षा त्याने आधी कागदाचा आकार, मग चित्रात माणसं आहेत की प्राणी की वस्तू, मग किती आहेत, अशी विभागणी केली होती, म्हणजे हातात एखादं चित्र आलं की ते आपल्याकडे आहे का हे चित्रकार माहीत नसतानाही शोधता यावं. त्याने पुस्तकांचे सारांश लिहून घ्यायलाही माणसं ठेवली होती, आणि त्या सारांशांचा सुमारे दोन हजार पानांचा खंड कोपनहेगनच्या एका हस्तलिखित संग्रहात असल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं. हरवलेल्या हजारो पुस्तकांमध्ये काय होतं हे आता त्यातून कळायला लागलंय.

तर या सगळ्या पडझडीतून पेन्नीची ती पुस्तिका सेव्हिलला टिकली, हा निव्वळ योगायोग आहे, पण तो योगायोग घडायला आधी कोणीतरी ती घ्यावी लागली होती. आपल्याकडे गणपत कृष्णाजींच्या मुंबईतल्या शिळाप्रेसवरची पंचांगं, सचित्र पोथ्या, आरत्यांच्या चोपड्या यांचं हेच झालं, वर्ष संपलं की पंचांगाची गरज संपली, मग ठेवणार कोण.

आता मूळ प्रश्न, ड्युररचं चित्र का जिंकलं. नाव मोठं होतं हे आहेच. पण मला वाटतं यात लाकडी ठशाच्या तंत्राचा वाटा लोक कमी लेखतात. लाकडी ठसा हा उठावाचा ठसा, पांढरं राहायला हवं तेवढं लाकूड कोरून काढायचं आणि रेघा उभ्या ठेवायच्या, त्यावर शाई लावायची. नासपतीसारखं घट्ट लाकूड वापरायचे आणि कोरणारा कारागीर वेगळा असायचा, ड्युरर रेखाटन द्यायचा. छापायचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे तुकडे, तेसुद्धा उठावाचेच, त्यामुळे ठोकळा आणि खिळे एकाच चौकटीत घट्ट बसवून एकाच दाबाखाली मजकूर आणि चित्र सोबत छापता येतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला वेगळा प्रेस लागतो, कागद दुसऱ्यांदा घालावा लागतो, खर्च वाढतो. शिवाय तांब्याच्या बारीक रेघा लवकर झिजतात, लाकडी ठोकळा नीट ठेवला तर हजारो प्रती देतो. ड्युररच्या हयातीतच चार ते पाच हजार प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. तो 1528 ला वारला आणि त्यानंतरही ठोकळा चालूच राहिला, 1540 च्या दशकात पुन्हा छापला, शतकाच्या शेवटी पुन्हा, मग तो नेदरलँड्सला गेला आणि 1620 नंतर अॅमस्टरडॅमच्या विलेम यान्सेनने त्याला रंगाचा एक जादा ठोकळा जोडून हिरवट छटेतल्या प्रती काढल्या. एकूण आठ आवृत्त्या मोजतात. शंभर वर्षांवर एकच लाकूड.

आणि दुसरं म्हणजे नक्कल. छापील चित्र समोर ठेवून दुसरा कारागीर नवा ठोकळा सहज कोरू शकतो. सेबास्टियन म्युन्स्टरच्या भूगोलाच्या पुस्तकात हा गेंडा गेला, 1551 ला झुरिकमध्ये कोनराड गेस्नरच्या प्राण्यांच्या ग्रंथात गेला, तिथून 1607 ला लंडनला टॉप्सेलच्या इंग्रजी पुस्तकात गेला. गेस्नर हा काळजीपूर्वक काम करणारा माणूस, त्याने चित्र ड्युररचं आहे असं स्पष्ट सांगितलंय, पण त्याच्याकडे दुसरं चित्रच नव्हतं, आणि एकदा त्याच्या ग्रंथात आलं म्हटल्यावर पुढच्यांना तपासायची गरज वाटली नाही. तशी संधी आली होती, 1577 पासून एक गेंडा लिस्बनला आणि मग माद्रिदला होता आणि 1586 मध्ये फिलिप गालेने त्याचं बऱ्यापैकी खरं चित्र तांब्यावर छापलंही, तरी लोक ड्युररकडेच परत जात राहिले. ही पकड सैल झाली ती 1741 मध्ये क्लारा नावाची गेंडीण रॉटरडॅमला उतरली आणि अनेक वर्षं युरोपभर फिरली तेव्हा. यान वान्डेलारने तिला आल्बिनुसच्या 1747 च्या शरीररचनेच्या ग्रंथात मानवी सांगाड्यामागे चरताना दाखवलंय, चित्रकार उद्रीने 1749 मध्ये पॅरिसला तिचं मोठं चित्र रंगवलं. तरीही 1790 मध्ये जेम्स ब्रूस नावाचा प्रवासी, आफ्रिकेतला दोन शिंगांचा गेंडा स्वतः पाहून काढला असं सांगत ड्युररवर टीका करतो, आणि त्याच्या स्वतःच्या चित्रात आफ्रिकन गेंड्याच्या अंगावर ड्युररच्याच घड्या दिसतात. आफ्रिकन गेंड्याला त्या नसतात. डोळ्यांसमोर जनावर असूनही हात छापील चित्राप्रमाणे चालला.

खऱ्या गेंड्याचं काय झालं तेही सांगतो. मानुएलने तो पोप दहावा लिओ याला भेट द्यायचं ठरवलं, आधी हान्नो नावाचा हत्ती दिला होता तो फार गाजला होता म्हणून. डिसेंबर 1515 मध्ये गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा घालून जहाजात चढवला. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस येऊन पाहून गेला, आणि मग 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ पोर्तो व्हेनेरेच्या पुढे जहाज वादळात बुडालं. गेंडा चांगला पोहतो. पण साखळीने बांधलेला होता, त्यामुळे बुडाला. बुर्क्मायरच्या चित्रातले ते बांधलेले पाय मी म्हणूनच इतके महत्त्वाचे मानतो.

शेवटी, ज्यांच्या हाताखाली अशी जुनी छापील चित्रं असतात त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कॅटलॉगमध्ये "ड्युरर, गेंडा, 1515" एवढंच लिहिलं तर ती नोंद अर्धवट आहे, कारण 1515 हे साल ठोकळ्यातच कोरलेलं आहे, ते शंभर वर्षांनंतरच्या प्रतीवरही तसंच उमटतं. वरचा मजकूर मात्र खिळ्यांचा, तो प्रत्येक वेळी नव्याने जुळवलेला, म्हणून आधी तो बघायचा. पहिल्या आवृत्तीत तो पाच ओळींचा आहे, पुढे ओळी बदलतात, नेदरलँड्समधल्या प्रतींवर भाषाही बदलते. मग ठोकळ्याची तब्येत, उशिराच्या प्रतींमध्ये गेंड्याच्या पायांतून आडवी गेलेली चीर दिसते, किड्यांनी पोखरलेली भोकं पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटतात, चौकटीच्या रेघा तुटलेल्या असतात. मग कागद उजेडासमोर धरून त्यातली कागद करणाऱ्याची खूण. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक प्रत 8,66,500 डॉलरला गेली, तेव्हा पाच ओळी की साडेपाच हा प्रश्न पैशाचाही झालाय. पण मजकुराच्या ओळी, चीर, भोकं, खूण, आणि कोणाकडून कधी आलं, एवढं नोंदवहीत लिहून ठेवायला फार वेळ लागत नाही. एर्नांदो 1515 मध्ये रोममधल्या दुकानांत फिरताना पातळ पातळ पुस्तिकांवर हेच करत होता.